शिल्लक कोणाची? दक्षिण ध्रुवाच्या किनाऱ्यावरील एक हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



अंटार्क्टिका खंडाचा एक लांबट, डोंगराळ भूभाग दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे हात पुढे करावा तसा उत्तरेला आलेला आहे. त्याला अंटार्क्टिक द्वीपकल्प म्हणतात. त्याच्या पश्चिम किनाऱ्यालगत अँव्हर्स नावाचे बेट आहे, त्या बेटावर अमेरिकेचे पामर हे संशोधन केंद्र आहे, आणि केंद्रापासून लहान होडीने सहज जाता येईल इतक्या अंतरावर लिचफील्ड हे एक छोटे खडकाळ बेट आहे. १९७५ साली या बेटावर अ‍ॅडेली जातीच्या पेंग्विन पक्ष्यांच्या शेकडो जोड्या अंडी घालीत होत्या. जमिनीच्या थरांत सापडलेल्या जुन्या हाडांवरून त्यांची वस्ती तेथे निदान पाचशे वर्षे होती असे दिसते. २००७ साली त्या बेटावर एकही जोडी उरली नाही. पेंग्विन घरट्यासाठी एकेक खडा चोचीने वेचून आणतो. ते खडे तेवढे राहिले. पामर केंद्राच्या आसपासची सर्व बेटे धरली तर १९७५ साली तेथे अ‍ॅडेलींच्या पंधरा हजारांवर जोड्या होत्या. आज त्यांतल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक नाहीशा झाल्या आहेत.

ही वार्ता राजकीय कार्यकर्त्यांसमोर कशासाठी मांडावयाची, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो विचारला जाणे योग्यच आहे. पेंग्विन हा आपल्याकडे मुलांच्या चित्रांतला पक्षी. मुंबईत राणीच्या बागेत २०१६ साली आणले गेले ते पेंग्विनही पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, वेगळ्या जातीचे. परंतु लिचफील्ड बेटावर जे घडले त्याच्यामागे एक शब्द उभा आहे आणि तो शब्द आपल्या ओळखीचा आहे. तो शब्द म्हणजे ‘शिल्लक’. एखाद्या वस्तूवर कोणाचा हक्क दिसत नाही, म्हणून ती शिल्लक आहे. शिल्लक आहे, म्हणून ती उचलण्यास हरकत नाही. आणि एकूण साठ्याच्या मानाने उचल अगदी अल्प आहे, म्हणून तिच्याने कोणाचे नुकसान होणे शक्य नाही. गायराने, जंगले व नद्यांची पात्रे ताब्यात घेताना हाच युक्तिवाद झालेला आहे. दक्षिण ध्रुवाच्या समुद्रात तो शंभर वर्षांत दोनदा झाला, आणि दोन्ही वेळा समोर असलेल्या व्यवस्थेचे जाळे नीट न पाहता झाला. आता तिसरी गोष्ट त्यात मिसळली आहे, ती म्हणजे तापमानवाढ.

प्रथम हे जाळे काय आहे ते पाहू. जमिनीवरच्या माणसाला बर्फ म्हणजे ओसाडी वाटते. ध्रुवीय समुद्रात वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. हिवाळ्यात समुद्राचे पाणी गोठून जो बर्फाचा थर तयार होतो त्याच्या पोटाशी, खालच्या अंगाला, सूक्ष्म शेवाळ वाढते. तो थर म्हणजे उलटे टांगलेले शेतच. वसंतात बर्फ वितळू लागला की त्याच्या कडेने, गोड्या पाण्याच्या हलक्या थरात, डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पतींचे अमाप पीक येते. हे पीक खातो तो क्रिल. आपल्या कोकणपट्टीवर जवळा मिळतो, तसाच दिसायला. मात्र जवळ्याहून मोठा, सहा सेंटिमीटरपर्यंत लांब, वजनाने फार तर दोन ग्रॅम, आणि आयुष्य पाच ते सात वर्षांचे. जवळ्याची गोष्ट एका हंगामात आटोपते. क्रिलला मात्र अनेक हिवाळे काढावे लागतात. त्यातला पहिला हिवाळा सर्वांत कठीण. मोठा क्रिल उपाशी राहून दिवस काढू शकतो, अंगाने आक्रसतोदेखील. पण नुकत्याच जन्मलेल्या क्रिलच्या अंगात साठा नसतो. त्याला हिवाळाभर त्या उलट्या शेतावर चरावे लागते. बर्फ उशिरा आला किंवा लवकर गेला तर त्या वर्षाची पिढी खुंटते, आणि त्याचा परिणाम पुढील पाच-सहा वर्षांच्या साठ्यावर दिसत राहतो.

क्रिलवर बाकी सारे उभे आहे. अ‍ॅडेली, चिनस्ट्रॅप व जेंटू हे पेंग्विन, निळे, पर आणि कुबडे देवमासे, मासे, समुद्रपक्षी व सील ही सारी मंडळी त्याच्यावर जगतात. सीलांपैकी एका जातीला इंग्रजीत ‘खेकडे खाणारा’ असे नाव पडले आहे. तो खेकडे खात नाही, त्याचे जवळजवळ सारे अन्न क्रिलच आहे. नावे देणाऱ्यांनी त्याच्या ताटात कधी डोकावून पाहिले नसावे. क्रिलखेरीज अंटार्क्टिक सिल्व्हरफिश नावाचा एक चंदेरी मासाही या जाळ्यात महत्त्वाचा आहे. त्याची अंडी बर्फाच्या आधाराने वाढतात. १९७० च्या दशकात पामर परिसरातील अ‍ॅडेलींच्या आहारात या माशाचा मोठा वाटा होता. पुढे तो त्या भागातून जवळजवळ अदृश्य झाला. म्हणजे अ‍ॅडेलीच्या ताटातला एक पदार्थ आधीच गेला होता आणि सारा भार क्रिलवर येऊन पडला होता.

द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वार्षिक सरासरी तापमान सुमारे तीन अंशांनी वाढले, हिवाळ्यातील वाढ त्याहूनही अधिक होती. पृथ्वीवर त्या काळात याच्या तोडीची तापमानवाढ फार थोड्या ठिकाणी झाली. उपग्रहांची निरीक्षणे १९७९ पासूनची आहेत. त्यांवरून असे दिसते की पुढील तीन दशकांत या किनाऱ्यावरील समुद्रबर्फाचा हंगाम सुमारे तीन महिन्यांनी आखूड झाला. ज्या शेताचा हंगाम तीन महिन्यांनी कमी होतो त्या शेतावर जगणाऱ्या कुटुंबाचे काय होते, हे शेतकऱ्याच्या मुलाला समजावून सांगण्याची गरज नाही. बर्फाचे वितळलेले पाणी वाढल्यामुळे डायटमांच्या जागी त्यांहून फार बारीक वनस्पतींचे प्राबल्य होऊ लागते. इतके बारीक कण क्रिलला नीट गाळून घेता येत नाहीत. ते गाळून घेतो साल्प नावाचा जेलीसारखा पारदर्शक प्राणी. साल्प वाढले म्हणजे समुद्र रिकामा झाला असे नव्हे; परंतु त्यांच्या अंगात पाण्याचा भाग इतका की पेंग्विनाच्या पिलाचे त्यावर पोसणे होत नाही. ताट भरलेले दिसावे आणि पोट रिकामे राहावे, असा हा प्रकार आहे.

आणखी एक कारण बर्फाचेच आहे, पण ते आकाशातून येते. समुद्र उघडा राहिला की हवेत बाष्प वाढते आणि बर्फवृष्टी अधिक होते. तापमान वाढले म्हणून हिम अधिक पडते, हे ऐकणाऱ्याला विरोधाभासाचे वाटेल. अ‍ॅडेली उघड्या खडकावर, कोरड्या खड्यांत अंडी घालतो. वादळे येतात ती बहुतेक ईशान्येकडून, त्यामुळे बेटांच्या नैर्ऋत्येकडील आडोशाच्या उतारांवर हिमाचे ढीग साचतात. अंडी उबविण्याच्या दिवसांत ते वितळले की घरट्यात पाणी भरते, अंडी गार पडतात, पिले भिजून मरतात. पामर परिसरात दशकानुदशके काम केलेले बिल फ्रेझर व त्यांचे सहकारी यांना असे आढळले की आधी ओस पडल्या त्या नैर्ऋत्येकडच्या वसाहती. एकाच बेटावर, एकाच समुद्रातून अन्न आणणाऱ्या पक्ष्यांत, उताराची बाजू बदलली की नशीब बदलते. अ‍ॅडेली मात्र जन्मजागा सोडीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेथेच परत येतो.

त्यांच्या शेजारी आता जेंटू पेंग्विन राहावयास आले आहेत. १९९० च्या दशकापूर्वी पामर परिसरात त्यांची वीण होत नव्हती. त्यानंतर त्यांची संख्या वाढत गेली. जेंटूला बर्फ नकोसा असतो, तो क्रिल नसेल तर मासे खातो, आणि अंडी गेली तर पुन्हा घालू शकतो. काही लेखक यावरून समाधान करून घेतात की एक गेला, दुसरा आला, निसर्ग आपली भरपाई करून घेतो. हे समाधान फसवे आहे. अ‍ॅडेली ज्या जाळ्याचा धागा होता ते जाळे बदलल्याची जेंटू ही खूण आहे. भरपाईची पावती नव्हे.

तथापि येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे, कारण आपल्या बाजूचा मुद्दा आहे म्हणून अर्धे सत्य सांगण्याची सवय चळवळीला परवडत नाही. अ‍ॅडेली सर्वत्र घटत नाहीत. रॉस समुद्रात व पूर्व अंटार्क्टिकात अनेक ठिकाणी ते वाढले. २०१८ साली द्वीपकल्पाच्या ईशान्य टोकापाशी, वेडेल समुद्राच्या बाजूला, डेंजर बेटांवर साडेसात लाखांहून अधिक जोड्यांची वस्ती असल्याचे प्रसिद्ध झाले. तेथे बर्फ टिकून होता. द्वीपकल्पावरची तापमानवाढसुद्धा १९९० च्या दशकाच्या अखेरीनंतर काही वर्षे थबकली होती आणि मग पुन्हा सुरू झाली. क्रिलचा एकूण साठा घटला की नाही यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. त्याचा वावर दक्षिणेकडे सरकल्याचे पुरावे अधिक स्पष्ट आहेत. मात्र यावरून चिंतेचे कारण नाही असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी २०२२ आणि २०२३ ही दोन वर्षे पाहावीत. २०२२ च्या अखेरीस द्वीपकल्पाच्या पश्चिमेला बेलिंग्सहाउझेन समुद्रातील बर्फ इतका लवकर फुटला की सम्राट पेंग्विनांच्या पाच वसाहतींपैकी चारांमध्ये त्या वर्षाची पिले जवळजवळ सारीच गेली, कारण त्यांना पोहण्याजोगी पिसे येण्याआधीच पायांखालचा बर्फ नाहीसा झाला. आणि २०२३ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्रबर्फ उपग्रह-नोंदींच्या इतिहासातील सर्वांत कमी कमाल विस्तारावर थांबला: सुमारे १ कोटी ७० लाख चौरस किलोमीटर. ज्या वसाहतींनी इतकी वर्षे तग धरला, त्या सुरक्षित आहेत असे आता कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

आता ‘शिल्लक’ या शब्दाकडे वळू. दक्षिण समुद्रातील आधुनिक देवमासेमारी १९०४ साली दक्षिण जॉर्जिया बेटावर सुरू झाली. देवमाशाच्या चरबीपासून साबण, लोण्याचा स्वस्त पर्याय म्हणून मार्गारीन, आणि पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी लागणारे ग्लिसरीन मिळत असे. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांहून अधिक देवमासे मारले गेले. दक्षिण समुद्रातील निळे देवमासे आरंभी दोन लाखांवर होते, ते १९७० च्या सुमारास काही शेकड्यांवर आले. या कत्तलीवर नियंत्रण नव्हते असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि त्याने हंगामाला कोटा ठरवून दिला. परंतु कोट्याचे माप पाहा: ‘एक निळा देवमासा एकक’. एक निळा म्हणजे दोन पर देवमासे, म्हणजे अडीच कुबडे, म्हणजे सहा सेई. चरबीच्या हिशेबाने ही समीकरणे अचूक होती. जातीचा, पिढीचा, विणीचा त्यात कोठेही उल्लेख नव्हता. कोटा सर्वांना मिळून एकच, तेव्हा प्रत्येक ताफा आधी आपला वाटा भरण्यासाठी धावे. आणि निळा देवमासा मोठा म्हणून प्रथम त्याच्यामागे. हे एकक १९७२ साली सोडून देण्यात आले, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

कॅनडातील गणितज्ञ कॉलिन क्लार्क यांनी १९७३ साली एक गोष्ट गणिताने दाखविली, ती अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. देवमाशांची संख्या दरवर्षी फार थोड्या टक्क्यांनी वाढते. भांडवलावरील व्याजाचा दर त्याहून जास्त असेल तर एकट्या मालकाच्या दृष्टीनेही, नफ्याच्या शुद्ध हिशेबात, सारे देवमासे आज मारून पैसा अन्यत्र गुंतविणे हेच ‘शहाणपणाचे’ ठरू शकते. म्हणजे दोष केवळ मोकळ्या कुरणाचा नाही. कुरणाला कुंपण घातले, मालक नेमला, तरी मालकाचे घड्याळ आणि देवमाशाचे घड्याळ वेगळेच राहते. खासगी मालकी आली की जपणूक आपोआप होते असे सांगणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

पण आपल्या बाजूच्यांसाठीही येथे एक कडू घोट आहे आणि तो गिळलाच पाहिजे. नफ्याचे घड्याळ नसलेली एक व्यवस्था त्या समुद्रात होती. सोव्हिएत संघाच्या ताफ्यांनी आयोगाला कळविलेल्या आकड्यांनुसार दक्षिण गोलार्धात युद्धोत्तर काळात २,७१० कुबडे देवमासे मारले. प्रत्यक्ष संख्या ४८ हजारांच्या वर होती. १९५९ ते १९६१ या दोनच हंगामांत पंचवीस हजारांच्या आसपास. हे सत्य सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर, १९९३ साली, रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी जगासमोर आणले. ज्या शास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी जपून ठेवल्या होत्या त्यांचे धैर्य विसरता येणार नाही. आणि हे इतके मांस-चरबी त्या देशाला हवी होती काय? मुळीच नाही. बरेच मृतदेह थोडी चरबी काढून पाण्यात सोडून देण्यात आले. योजनेचे लक्ष्य वजनात ठरलेले होते; लक्ष्य ओलांडले तर बोनस; आणि पुढील वर्षीचे लक्ष्य गेल्या वर्षीच्या पूर्ततेहून अधिक. जो प्राणी मारला जातो त्याची गरज कोणाला आहे हा प्रश्न विचारणारी जागा त्या यंत्रणेत नव्हती, आणि विचारणाऱ्या नागरिकालाही स्थान नव्हते. उत्पादनाच्या साधनांची मालकी समाजाकडे आली, पण हिशेब उघड झाला नाही, तर काय होते याचे हे उदाहरण आहे. ते भांडवलशाहीच्या वकिलांनी सांगण्याआधी समाजवाद्यांनी सांगावे.

देवमासे संपले, आणि मग शिल्लकेचा सिद्धांत दुसऱ्यांदा मांडला गेला. देवमासे जो क्रिल खात होते तो आता खाणारे नाहीत, तेव्हा तो शिल्लक असला पाहिजे. १९७७ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड लॉज यांनी ही शिल्लक वर्षाला सुमारे १५ कोटी टन धरली. त्या काळच्या जगभरच्या मासेमारीच्या दुपटीहून हा आकडा मोठा! जगाच्या प्रथिनटंचाईवर उपाय सापडला अशी भाषा सुरू झाली. सोव्हिएत ताफे, देवमासे उरले नाहीत म्हणून, क्रिलकडे वळले. १९८१-८२ च्या हंगामात एकूण पकड पाच लाख टनांवर गेली. क्रिलचा लगदा लोकांना विकून पाहिला गेला. पण क्रिल पकडल्यावर झपाट्याने नासतो, त्याच्या कवचात फ्लोराइड फार असते, आणि मुख्य म्हणजे तो कोणाला फारसा आवडला नाही. १९९१ नंतर सोव्हिएत ताफे बंद पडले आणि पकड कोसळली.

समुद्राने मात्र शिल्लक दाखविलीच नाही. देवमासे गेले तर क्रिल उतू जायला हवा होता. दक्षिण अटलांटिकच्या बाजूला झालेल्या मोजण्यांत तसे काही आढळेना. या कोड्याचे एक उत्तर पुढे हाती आले. दक्षिण समुद्रात लोहाची कमतरता आहे. सूक्ष्म वनस्पतींचे पीक लोहाअभावी अडते. क्रिल लोह साठवितो, देवमासा क्रिल खातो आणि पृष्ठभागाजवळ मलविसर्जन करतो. त्या मलात लोहाचे प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या मानाने सुमारे एक कोटी पट आढळले. म्हणजे देवमासा केवळ शेतातले खाणारा नव्हता, शेताला खत घालणाराही तोच होता. त्याला मारून आपण धान्य वाचवीत आहोत असा समज झाला. वस्तुतः शेणखत बंद झाले होते. ज्याने कधी बैल पाळला आहे त्याला लोहाचे रसायन कळले नाही तरी हे कळेल. आता देवमासेमारी बंद झाल्यामुळे कुबडे देवमासे द्वीपकल्पापाशी पुन्हा मोठ्या संख्येने येऊ लागले आहेत. जुने वाटेकरी परत येत आहेत, आणि नेमक्या त्याच वेळी शेत आखडत आहे.

याच सुमारास नवे वाटेकरीही दाखल झाले आहेत. गेल्या दोन दशकांत क्रिलची पकड पुन्हा वाढली. आज सर्वांत मोठा वाटा नॉर्वेच्या जहाजांचा, त्याखालोखाल चीनचा. माल जातो कोठे? मुख्यतः पिंजऱ्यांत पाळलेल्या सॅल्मन माशांच्या खाद्यात, आणि हृदयाच्या आरोग्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ओमेगा-३ तेलाच्या गोळ्यांत. भुकेल्यांच्या नावाने सुरू झालेला व्यवसाय पोट भरलेल्यांच्या गोळ्यांपाशी येऊन स्थिरावला.

कंपन्यांचे म्हणणे असे की क्रिलचा एकूण साठा सुमारे ३७ ते ३८ कोटी टन; पकड पाच-सहा लाख टन; म्हणजे एक टक्काही नाही. हे आकडे खोटे नाहीत. पण सरासरीने कोणाचे पोट भरत नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात बंगालच्या दुष्काळाची जी चिकित्सा केली ती येथे आठवते. १९४३ साली बंगालमध्ये एकूण धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते; तरी लक्षावधी माणसे मेली, कारण धान्य कोठे आहे आणि ते कोणाच्या हाती लागू शकते हा प्रश्न एकूण साठ्याच्या आकड्यात बसत नाही. माणसांच्या दुष्काळाची आणि पक्ष्यांच्या उपासमारीची तुलना करणे अप्रशस्त वाटेल. तुलना दुःखाची नाही, हिशेबाच्या चुकीची आहे. पिलू घरट्यात असताना पेंग्विनाची जोडी थोड्याच किलोमीटरांच्या टापूत अन्न शोधू शकते. दक्षिण जॉर्जियाजवळ अब्जावधी क्रिल असले तरी द्वीपकल्पावरच्या पिलाला त्याचा उपयोग नाही. आणि जहाजेही नेमकी तेथेच जातात जेथे क्रिलचे थवे दाट असतात, म्हणजे जेथे पेंग्विन, सील व देवमासे जमतात. काही कंपन्यांनी २०१८ पासून विणीच्या काळात वसाहतींजवळ मासेमारी न करण्याचे स्वेच्छेने मान्य केले आहे. चांगली गोष्ट आहे. पण मालकाच्या स्वेच्छेवर टिकणारा हक्क किती टिकाऊ असतो, हे कामगार चळवळीतल्या कोणालाही विचारावे.

नियम नाहीत असे येथेही नाही. किंबहुना या समुद्राचा नियम जगात सर्वांत पुढारलेला आहे. १९८० साली करण्यात आलेला आणि १९८२ साली अमलात आलेला अंटार्क्टिक सागरी जीवसंपदेच्या संरक्षणाचा करार हा, पकडल्या जाणाऱ्या जातीबरोबर तिच्यावर अवलंबून असणाऱ्या जातींचाही विचार करावा, आणि दोन-तीन दशकांत पूर्ववत होऊ न शकणारे बदल टाळावेत, असे स्पष्ट म्हणणारा पहिला करार होय. देवमाशांच्या एककापासून ही फार मोठी मजल आहे. या कराराच्या आयोगाने दक्षिण अटलांटिकच्या बाजूच्या क्षेत्रासाठी ६ लाख २० हजार टनांची मर्यादा ठरविली, आणि २००९ मध्ये आणखी एक शहाणपणाचा नियम केला: ही सारी पकड एकाच ठिकाणी करावयाची नाही. उपविभागांना कमाल वाटे ठरले. द्वीपकल्पाच्या उपविभागात २५ टक्क्यांच्या वर, म्हणजे १ लाख ५५ हजार टनांच्या वर, पकडावयाचे नाही.

वाटपाचा हा नियम ठराविक मुदतीचा होता. २०२४ साली होबार्ट येथील बैठकीत त्याची मुदत वाढविण्यावर एकमत झाले नाही, आणि तो रद्दबातल झाला. एकूण मर्यादा राहिली, वाटणी गेली. पुढे काय झाले ते अपेक्षेप्रमाणेच: २०२४-२५ च्या हंगामात जहाजे द्वीपकल्पाच्या पट्ट्यात एकवटली, तेथील पकड जुन्या वाट्याहून कितीतरी वर गेली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ६ लाख २० हजार टनांची एकूण मर्यादा इतिहासात प्रथमच गाठली जाऊन मासेमारी हंगामापूर्वीच बंद करावी लागली. देवमाशांच्या काळातली ती धावाधाव, सर्वांना मिळून एक कोटा आणि आधी पोहोचेल त्याचा माल, पुन्हा अवतरली. मर्यादा पाळली गेली हे खरे. पण जी मर्यादा तापमानवाढीचा कोणताही हिशेब न घेता ठरली होती, ती पाळल्याने तापमानवाढीने खचलेल्या पट्ट्याचे रक्षण झाले असे म्हणता येणार नाही. हवामान बदलणाऱ्याने आधीच अर्धे ताट काढून घेतले आहे. जाळे टाकणारा उरलेल्या अर्ध्यातून ‘पूर्ण ताटाचा एक टक्का’ उचलतो आहे. दोघांचा हिशेब दोन वेगळ्या वह्यांत राहतो, म्हणून दोघेही निर्दोष ठरतात.

भारताचा याच्याशी संबंध काय? १९५६ साली भारताने अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा अशी मागणी केली होती. हा खंड काही थोड्या राष्ट्रांची मिरास होऊ नये ही त्यामागील भूमिका होती. मागणी पुढे गेली नाही. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली; ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आज वास्कोतच आहे. १९८३ साली भारत अंटार्क्टिक करारात सामील झाला आणि त्याच वर्षी निर्णयाधिकारी राष्ट्र बनला. मलेशियासारखी राष्ट्रे त्या वेळी हा खंड मानवजातीचा समाईक वारसा मानावा असे संयुक्त राष्ट्रसंघात म्हणत असता, आपण क्लबात शिरलो, अशी टीका झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु क्लबात शिरलेल्याला आत बोलता येते. सागरी जीवसंपदेच्या आयोगाचाही भारत १९८६ पासून सदस्य आहे. तेथे निर्णय एकमताने होतात, म्हणून एका राष्ट्राच्या नकाराने चांगला नियम अडतो. पूर्व अंटार्क्टिका, वेडेल समुद्र व द्वीपकल्प येथील संरक्षित सागरी क्षेत्रांचे प्रस्ताव मुख्यतः रशिया व चीन यांच्या विरोधामुळे वर्षानुवर्षे पडून राहिले आहेत. २०१६ साली रॉस समुद्राचे क्षेत्र मान्य झाले, ते अनेक वर्षांच्या रेट्यानंतर. २०२१ मध्ये भारताने पूर्व अंटार्क्टिका व वेडेल समुद्राच्या प्रस्तावांना सहप्रस्तावक म्हणून पाठिंबा जाहीर केला. ही भूमिका योग्य होती.

द्वीपकल्पाच्या प्रस्तावावर आणि क्रिलच्या वाटणीच्या रद्द झालेल्या नियमावर आपल्या शिष्टमंडळाने होबार्टमध्ये काय म्हटले, ते लोकसभेत विचारता येते. आपल्याकडे या समुद्रात क्रिल पकडणारी कंपनी नाही. म्हणून या प्रश्नावर आपल्या सरकारवर कोणाचाही दबाव नाही, नफ्याचाही नाही आणि लोकांचाही नाही. आयोगाची बैठक दरवर्षी ऑक्टोबरमध्ये भरते. हंगाम १ डिसेंबरला उघडतो, आणि त्याच महिन्यात पामरच्या बेटांवर, जी काही अंडी उरली असतील ती, फुटू लागतात.